सेवेचं वर्ष आणि न्यायाचा हिशेब

दरवर्षी उन्हाळा सरत आला की अमेरिकेतल्या शिकागो, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन अशा शहरांत नुकतीच पदवी घेतलेले काही तरुण-तरुणी वर्षभराच्या मुक्कामासाठी येऊन दाखल होतात. शहर त्यांना नवं असतं. राहायला चार-सहा अनोळखी समवयस्कांसोबत एक सामायिक घर मिळतं, हाती जेमतेम खर्च भागेल एवढं मानधन पडतं आणि दिवसभराचं काम कुठल्यातरी निवारा केंद्रात, कायदेविषयक मदत देणाऱ्या संस्थेत, स्थलांतरितांच्या कार्यालयात किंवा शाळेत असतं. त्यांना तिथे पाठवणारी संस्था धर्मश्रद्धेतून उभी राहिलेली असते. कॅथलिक, ल्युथरन, क्वेकर, मेनोनाइट किंवा ज्यू. या वर्षाला कुणी सेवावर्ष म्हणतं, कुणी इंटर्नशिप. संस्थेच्या नियमांत ‘सामाजिक न्याय’ हे शब्द ठळकपणे लिहिलेले असतात. या लेखाचा विषय ही उमेदवारी आणि तिच्याभोवती उभा राहणारा एक जुना प्रश्न आहे. परक्या शहरात, परक्या वस्तीत, श्रद्धेच्या बळावर गेलेल्या अननुभवी तरुणाकडून न्यायाचं काम खरोखर होऊ शकतं का? होऊ शकतं, असं माझं म्हणणं आहे. पण त्याला एक कठोर अट आहे. सुरुवातीच्या महिन्यांत हा तरुण काय करतो यावर सगळं ठरतं. आल्या दिवसापासून तो मदत वाटायला लागला तर त्याचं वर्ष दानधर्मात जमा होतं. मदत लागण्याचं कारण तो वस्तीकडून शिकायला बसला, आणि शिकल्यावर पुढारपण वस्तीकडेच ठेवलं, तर ते वर्ष न्यायाच्या खात्यावर पडतं.

ही व्यवस्था कशी घडली ते आधी पाहू. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घ्यायला धर्माच्या आधारे नकार देणाऱ्या अमेरिकी तरुणांना सैन्याऐवजी नागरी सेवेत पाठवलं जात असे. १९४१ ते १९४७ या काळात सुमारे बारा हजार जणांनी जंगलांत, शेतांवर, मनोरुग्णालयांत काम केलं. त्यांत मेनोनाइट, ब्रदरन आणि क्वेकर हे शांततावादी पंथ पुढे होते. मेनोनाइटांनी १९४४ मध्ये आणि ब्रदरनांनी १९४८ मध्ये स्वेच्छासेवेच्या कायमच्या योजना सुरू केल्या, त्यांना ही पार्श्वभूमी होती. १९५६ मध्ये अलास्कातल्या कॉपर व्हॅली इथे आदिवासी मुलांच्या शाळेवर काम करायला काही तरुण गेले आणि त्यातून जेझुइट व्हॉलंटिअर कोअर उभी राहिली. साधी राहणी, सहजीवन, अध्यात्म आणि सामाजिक न्याय ही तिची चार मूल्यं. ल्युथरनांची योजना १९७९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सुरू झाली, ज्यू तरुणांची ‘अवोडा’ १९९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आणि क्वेकरांची नवी योजना २०१२ मध्ये अटलांटात. पंथ वेगळे असले तरी घडण बरीचशी सारखी. दिवसा काम, संध्याकाळी एकत्र स्वयंपाक, आठवड्यातून एखादी संध्याकाळ प्रार्थनेची किंवा चर्चेची, वर्षातून काही दिवस एकांतवासाचे. सरकारी पीस कोअर १९६१ मध्ये सुरू झाली. धर्मसंस्थांच्या या वाटेवर त्याआधीच बरीच पावलं पडून गेली होती.

या घडणीत एक धोका दडलेला आहे. श्रद्धेने निघालेल्या तरुणाला काहीतरी द्यायची घाई असते आणि नव्या शहरात देण्याजोग्या गोष्टी लगेच हाताशी असतात. अन्नछत्राच्या रांगेत उभं राहून पिशव्या भरता येतात, निवाऱ्यात पांघरुणं वाटता येतात. ही कामं गरजेची आहेत. जानेवारी २०२४ च्या सरकारी मोजणीत अमेरिकेत ७ लाख ७१ हजारांहून अधिक माणसं बेघर आढळली, तेव्हा पांघरुणाला नावं ठेवायचा अधिकार कुणालाही नाही. पण अन्नछत्राची रांग महिनाअखेरीला का वाढते, हे विचारलं की वेगळंच काही दिसू लागतं. सरकारी अन्नसाहाय्य महिन्यातून एकदा जमा होतं आणि महिना संपण्याआधी संपतं. रांगेतली कितीतरी माणसं कामावर जाणारी असतात. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलरवर थांबलेलं आहे आणि घरभाडं मात्र थांबलेलं नाही. भाडं थकलं की खटला उभा राहतो. फौजदारी खटल्यात गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळायलाच हवा असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये दिला, पण घर खाली करण्याच्या दाव्याला तो लागू होत नाही. म्हणून अशा न्यायालयांत बहुतेक घरमालकांच्या बाजूने वकील उभा असतो आणि बहुतेक भाडेकरू एकटे. पिशवी भरणाऱ्या तरुणाने या साखळीतल्या कड्या एकेक करून ओळखल्या तरच तो न्यायाच्या जवळ जातो. त्यासाठी त्याला पिशवी काही वेळ खाली ठेवून ऐकावं लागतं.

हे कसं घडतं त्याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण शिकागोच्या पश्चिम भागातल्या नॉर्थ लॉनडेल या वस्तीचं आहे. १९५० मध्ये या वस्तीत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १३ टक्के होतं. १९६० मध्ये ते ९१ टक्के झालं आणि लोकसंख्या सव्वा लाखाच्या घरात गेली. दक्षिणेतल्या राज्यांतला छळ आणि दारिद्र्य मागे टाकून आलेली ही कुटुंबं कष्टाने चार पैसे गाठीला बांधत आणि घर घ्यायला निघत, तेव्हा बँकेचं दार बंद असे. १९३४ मध्ये स्थापन झालेलं केंद्रीय गृहनिर्माण प्रशासन गृहकर्जाला हमी देई, पण कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना ती हमी नाकारली जाई. हमी नाही म्हणून कर्ज नाही. या कोंडीत सट्टेबाज शिरले. घाबरून निघालेल्या गोऱ्या मालकाकडून ते स्वस्तात घर घेत आणि कृष्णवर्णीय कुटुंबाला ते ‘करारावर’ विकत. बयाणा द्यायचा, दरमहा हप्ता भरायचा, दुरुस्ती, कर आणि विमाही आपणच सोसायचा. पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत खरेदीखत विकणाऱ्याच्याच नावावर. मधला एक हप्ता चुकला तरी घर गेलं, बयाणा गेला आणि आजवर भरलेले सगळे पैसेही गेले. मग तेच घर पुढच्या कुटुंबाला विकायचं. मिसिसिपीतून आलेल्या क्लाइड रॉस यांनी १९६१ मध्ये असं घर २७,५०० डॉलरला घेतलं. विकणाऱ्याने ते सहाच महिन्यांपूर्वी १२,००० डॉलरला घेतलेलं होतं. ड्यूक विद्यापीठाच्या केंद्राने इतर संशोधकांसह २०१९ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार १९५० आणि ६० च्या दशकांत शिकागोत कृष्णवर्णीयांना विकली गेलेली ७५ ते ९५ टक्के घरं अशा करारांवर विकली गेली, किमती सरासरी ८४ टक्क्यांनी फुगवलेल्या होत्या आणि समाजाची लूट तीन ते चार अब्ज डॉलरची होती.

१९६७ च्या उन्हाळ्यात जॅक मॅकनमारा नावाचा, जेझुइट धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारा तरुण कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांना घेऊन या वस्तीत राहायला आला. आधार होता तिथल्या प्रेझेंटेशन चर्चचा आणि तिथले प्रमुख मॉन्सिन्यॉर जॉन ईगन यांचा. ही मुलं वस्तीत नवखी होती, बहुतेक गोरी होती, आणि त्यांच्याकडे तयार उपाय नव्हता. ती दारोदार गेली, लोकांशी बोलत बसली. बोलता बोलता लक्षात आलं की कितीतरी माणसं स्वतःला भाडेकरूही म्हणत नाहीत आणि मालकही. ती ‘करारावर’ राहत होती. हा धागा धरून मुलं जुन्या खरेदी-विक्रीच्या नोंदींकडे वळली. सट्टेबाजाने घर कितीला घेतलं आणि कुटुंबाला कितीला विकलं हे दोन आकडे शेजारी मांडल्यावर, घराघरात मुकाट्याने सोसलेली गोष्ट सगळ्या वस्तीचा हिशेब होऊन समोर आली. रूथ वेल्स या गृहिणीने सर्वांत आधी आपल्या विक्रेत्याला जाऊन जाब विचारला. १९६८ च्या आरंभी ‘कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग’ उभी राहिली. बुधवारी रात्री चर्चच्या सभागृहात बैठका भरू लागल्या. विक्रेत्यांच्या कार्यालयांपुढे आणि घरांपुढे निदर्शनं झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शेकडो कुटुंबांनी हप्ते रोखून धरले. घरातून बाहेर काढण्याची कारवाई आली तेव्हा शेरीफची माणसं सामान रस्त्यावर आणत आणि शेजारी-स्वयंसेवक मिळून ते परत आत नेत. १९६९ मध्ये केंद्रीय न्यायालयात दावे दाखल झाले. पुढे ज्यूरीसमोर ते हरले, हे खरं आहे. पण त्याआधी शेकडो करार नव्याने लिहिले गेले, कुटुंबांचे लक्षावधी डॉलर वाचले, आणि ताब्याच्या दाव्यात करारातला अन्याय मांडण्याची मुभा इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये दिली.

या घटनेतून विद्यार्थ्यांचं कौतुक काढायचं की वस्तीचं? हा प्रश्न निकालात काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. करारांची पद्धत विद्यार्थ्यांनी शोधून काढली असं म्हणणं चुकीचं ठरेल. ज्यांचं घर जात होतं त्यांना ती ठाऊक होतीच. मार्क सॅटर या शिकागोतल्या ज्यू वकिलाने १९५० च्या दशकापासून अशा विक्रेत्यांविरुद्ध खटले लढवले होते आणि जाहीर लिहिलं-बोललं होतं. १९६५ मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा लढाई तशीच पडून होती. मग बाहेरून आलेल्या मुलांनी नेमकं काय केलं? त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या, वेळ आणि मोकळीक. दोन-दोन पाळ्या करून हप्ता भरणाऱ्या माणसाला नोंदणीची दप्तरं चाळायला फुरसत नव्हती. शिवाय आपण फसलो ही लाज प्रत्येक घर स्वतःपुरती दाबून होतं, त्यामुळे शेजारीही तसाच फसला आहे हे कळायला मार्ग नव्हता. मुलांनी वेळ खर्चून नोंदी जमवल्या आणि घराघरातली वेगवेगळी लाज एका सामायिक तक्रारीत बदलायला मदत केली. त्यापुढे बोलले ते रूथ वेल्स, चार्ली बेकर आणि क्लाइड रॉस. हप्ता रोखण्याचा धोका त्यांच्या घरांना होता, म्हणून तो निर्णयही त्यांचाच होता. मॅकनमारा पुढची काही वर्षं तिथेच राहून राबत राहिला, पण लीगचा चेहरा करारावर घर घेतलेल्यांचाच राहिला. उमेदवारीचं न्यायात रूपांतर व्हायचं असेल तर ते या क्रमाने होतं. आधी राहणं, मग ऐकणं, मग कागद तपासणं, मग लोकांना एकमेकांसमोर आणणं आणि शेवटी मागच्या रांगेत बसणं. या क्रमातली पहिली तीन कामं वगळून चौथ्यावर उडी मारणारा कार्यकर्ता वस्तीला आपल्या घोषणा देतो. पाचवं काम टाळणारा वस्तीचा लढा आपल्या नावावर करून घेतो.

यावरचा सर्वांत धारदार आक्षेप एका कॅथलिक धर्मगुरूनेच घेतला आहे. इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवेसाठी निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांपुढे भाषण केलं आणि त्यांना तोंडावर सांगितलं की तुमच्या सदिच्छांचा इथे काही उपयोग नाही. तुम्हाला इथली भाषा येत नाही, तुमच्या चुकांची किंमत इथल्या लोकांना मोजावी लागते, आणि नकळत तुम्ही तुमच्या मध्यमवर्गीय जीवनपद्धतीचे विक्रेते होता. प्रवास करा, बघा, शिका. मदत करायला मात्र येऊ नका, असा त्यांचा आग्रह होता. हा आक्षेप मला मोठ्या प्रमाणात मान्य आहे, आणि म्हणूनच तो या प्रथेचा अंत करत नाही असं वाटतं. इलिच यांनी शिकण्याला परवानगी दिली होती. हरकत घेतली ती मदतीच्या आविर्भावावर. लॉनडेलमधल्या मुलांचा सुरुवातीचा काळ शिकण्यातच गेला. दुसरं असं की त्यांनी दुसऱ्या देशातल्या नव्हे, आपल्याच शहराच्या आणि आपल्याच देशाच्या कायद्यांच्या अन्यायाचा शोध घेतला. ज्या व्यवस्थेने त्यांच्या आईवडिलांना कर्ज दिलं तिनेच क्लाइड रॉस यांना ते नाकारलं होतं. तिथे हे तरुण परके नव्हते, लाभार्थी होते, आणि लाभार्थ्याने हिशेब तपासणं ही मेहेरबानी ठरत नाही. इलिच यांचा आक्षेप पचवायचा तर सेवावर्षाच्या प्रत्येक योजनेने तरुणाला हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारायला हवा, की इथल्या दुःखाशी तुझ्या घराचा व्यवहार काय आहे?

दुसरा आक्षेप कालावधीचा. एका वर्षात काय होणार? भाषा कळते, रस्ते कळतात, माणसं विश्वास टाकू लागतात, तोवर परतीचा दिवस येतो. पुढच्या ऑगस्टमध्ये नवा चेहरा आणि वस्तीला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. वस्तीच्या बाजूने पाहिलं तर हा आक्षेप खरा आहे. त्यावरचा उपाय म्हणजे वस्तीत कायम राहणाऱ्या संस्थेच्या हाताखाली हे वर्ष काढणं. लॉनडेलमध्ये ती संस्था चर्च होती आणि पुढे लीग झाली. पण या वर्षाचं पीक फक्त त्याच वस्तीत मोजू नये, असंही माझं म्हणणं आहे. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात सॅम्युअल बार्नेट या पाद्र्याने आणि हेन्रिएटा बार्नेट यांनी १८८४ मध्ये टॉइन्बी हॉल सुरू केलं. विद्यापीठातल्या तरुणांनी गरीब वस्तीत राहायला यावं ही कल्पना. विल्यम बेव्हरिज १९०३ ते १९०५ तिथे उपप्रमुख होते. त्यांच्याच नावाचा १९४२ चा अहवाल ब्रिटनच्या सामाजिक सुरक्षेचा पाया ठरला. त्याच पूर्व लंडनमध्ये मुलांच्या क्लबात काम करायला गेलेला क्लेमंट अ‍ॅटली नावाचा वकील तिथलं दारिद्र्य पाहून समाजवादी झाला, आणि त्याच्या पंतप्रधानपदाच्या काळात, १९४८ मध्ये, राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. अ‍ॅटली स्वतः फारसे श्रद्धावान नव्हते. पण ज्या वाटेने ते तिथे पोचले ती वाट श्रद्धावानांनी घातली होती.

टॉइन्बी हॉल पाहून परतलेल्या जेन अ‍ॅडम्स यांनी एलेन गेट्स स्टार यांच्यासह १८८९ मध्ये शिकागोत हल हाउस उघडलं. वस्तीत राहून काम करण्याच्या अशा केंद्रांची गरज शेजारच्या गरिबांइतकीच तिथे राहायला येणाऱ्या सुशिक्षित तरुणांनाही आहे, असं अ‍ॅडम्स यांनी १८९२ मध्ये स्पष्टपणे मांडलं. ही कबुली महत्त्वाची, कारण ती दात्याचा मोठेपणा काढून घेते. हल हाउसमध्ये राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांनी कामगारांना पिळून काढणाऱ्या कारखान्यांची पाहणी केली, तिच्या आधारे इलिनॉयमध्ये १८९३ चा कारखाना कायदा झाला आणि १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला लावण्यावर बंदी आली. फ्रान्सेस पर्किन्स ही तरुण शिक्षिका १९०४ नंतर शिकागोच्या परिसरात नोकरी करताना सवडीने हल हाउसमध्ये काम करू लागली. त्याच काळात तिने एपिस्कोपल पंथ स्वीकारला आणि ती श्रद्धा आयुष्यभर जपली. पुढे फिलाडेल्फियात तिने नोकरीच्या आमिषाने नव्या मुलींना फसवणाऱ्या दलालांचा शोध घेतला, आणि २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल कारखान्याच्या आगीत १४६ कामगार मरण पावले ते तिने डोळ्यांनी पाहिलं. १९३३ मध्ये ती अमेरिकेची श्रममंत्री झाली, मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा आणि १९३८ चा किमान वेतनाचा कायदा तिच्या कारकिर्दीतले. उमेदवारीच्या वर्षांत तिने जे पाहिलं ते तीस वर्षांनी कायद्यात उतरलं. म्हणून सेवावर्षाचा निकाल वर्षाअखेरीच्या अहवालात शोधणं चूक आहे. त्यातून निघालेला माणूस पुढे वकील, डॉक्टर, अधिकारी, मतदार म्हणून काय करतो, हा त्याचा निकाल.

तिसरा आक्षेप आपल्याकडच्या वाचकाच्या मनात आधी येईल. यात धर्म कशाला? आणि धर्म आला की धर्मांतर येणार नाही का? दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. मदतीच्या बदल्यात श्रद्धा मागणं हे गरजू माणसाच्या अडचणीचा फायदा घेणं आहे आणि तिथे न्यायाचा शब्दही उच्चारू नये. अमेरिकेत सरकारी अमेरिकोअर योजनेचा पैसा घेणाऱ्या स्वयंसेवकाला कामाच्या वेळेत धर्मप्रसार करायला बंदी आहे, आणि ती योग्य आहे. लॉनडेलमध्ये चर्च कॅथलिक होतं आणि घरं गमावणारी माणसं बहुसंख्येने वेगळ्या पंथांची. बुधवारची बैठक करारांची होती, उपासनेची नव्हती. राहिला प्रश्न धर्माच्या गरजेचा. धर्माशिवायही न्यायाचं काम होतं आणि उत्तम होतं. पण श्रद्धेच्या संस्थांकडे काही गोष्टी आयत्या असतात: वस्तीच्या मधोमध उभी असलेली, भाडं न मागणारी जागा, दर आठवड्याला जमण्याची सवय आणि पराभवानंतरही काम चालू ठेवण्याची शिस्त. लीगचे दावे दहा वर्षं चालले. ज्यूरीचा निकाल विरुद्ध गेल्यावरही आपण चूक नव्हतो हे सांगणारा आधार माणसाला कुठूनतरी लागतो. अनेकांना तो श्रद्धेतून मिळतो.

पण इथे श्रद्धेचा गौरव करून थांबणं अप्रामाणिकपणाचं होईल. ५ ऑगस्ट १९६६ रोजी शिकागोच्या मार्केट पार्क भागात घरांच्या समान हक्कासाठी निघालेल्या मोर्चात मार्टिन लूथर किंग यांना दगड लागला. जमावात त्या भागातले कॅथलिक मोठ्या संख्येने होते, आणि मोर्चात चालणाऱ्या धर्मगुरूंना व नन्सना त्यांच्याच पंथाच्या माणसांनी शिव्या दिल्या. एकाच धर्माची माणसं दगडाच्या दोन्ही बाजूंना उभी होती. त्यामुळे श्रद्धा आपोआप न्यायाकडे नेते हा भ्रम बाळगू नये. तिला ओढून तिकडे न्यावं लागतं. १९७१ मध्ये बिशपांच्या जागतिक परिषदेने न्यायावर स्वतंत्र निवेदन काढलं आणि १९७४-७५ च्या महासभेत जेझुइटांनी पेद्रो अरुपे यांच्या नेतृत्वाखाली श्रद्धेची सेवा आणि न्यायाचा प्रसार यांची सांगड आपल्या कार्याच्या केंद्रस्थानी ठेवली. ही भाषा वरून आली तेव्हा लॉनडेलसारख्या ठिकाणी खालून काम सुरू होऊन गेलेलं होतं. सेवावर्षातल्या तरुणाची दुसरी कामाची जागा यातून कळते. ती म्हणजे त्याचं स्वतःचं उपासनाघर, जिथे त्याला वस्तीत कळलेला हिशेब परत नेऊन मांडायचा असतो. ते काम रांगेत पिशव्या भरण्यापेक्षा अवघड आहे, कारण समोर आपली माणसं असतात.

चौथा आक्षेप पैशाचा, आणि त्यात सर्वांत जास्त तथ्य आहे. जेमतेम मानधनावर वर्ष काढणं कुणाला परवडतं? डोक्यावर शिक्षणाचं कर्ज नाही आणि घरी पैसे पाठवायचे नाहीत, अशांनाच. म्हणजे गरिबीच्या कामात गरीब घरच्या मुलांनाच जागा उरत नाही. शिवाय स्वस्त स्वयंसेवक मिळतो म्हणून संस्था पगारी कर्मचारी घेत नसेल तर न्यायाच्या नावाखाली स्वस्त मजुरीच चालते. यावर उत्तर एकच: अटी बदला. घर, आरोग्यविमा आणि जगण्याइतकं मानधन ही किमान मर्यादा असावी. त्याच वस्तीतल्या तरुणांना निवडीत प्राधान्य असावं. आणि जिथे पगारी जागा भरायला हवी तिथे स्वयंसेवक देऊच नये. साधी राहणी हे मूल्य स्वतःहून स्वीकारलं तर ते व्रत आहे, दुसऱ्यावर लादलं तर ती काटकसरीची सबब आहे. जी योजना हे पाळू शकत नाही तिने आपल्या नावातून न्याय हा शब्द काढावा.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध आहे, आणि तो आपण विसरत चाललो आहोत. अमेरिकन मराठी मिशनतर्फे १९२५ मध्ये मुंबईत आलेले, शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाड्यात ‘नेबरहूड हाउस’ सुरू केलं. हल हाउसच्या परंपरेतली ही वस्तीत राहून काम करण्याची पद्धत गिरणी आणि गोदीच्या मुंबईत आली. १९३६ मध्ये त्याच नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले आणि १९४४ पासून आपण तिला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखतो. त्याच्याही आधी, १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आलेले विठ्ठल रामजी शिंदे प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून मुंबईत आले आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केलं. श्रद्धा घेऊन निघालेला, मूळचा जमखंडीचा हा माणूस कुटुंबासह त्या कामात उतरला. बहीण जनाबाईही त्यात होत्या. पण मिशनची सूत्रं कुणाकडे असावीत हा प्रश्न तिथेही उभा राहिला आणि १९२३ मध्ये शिंदे मिशनमधून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेत अध्यक्षपद चिमणलाल सेटलवाड यांच्याकडे असलं तरी व्यवस्थापक मंडळाची धुरा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हाती घेतली होती. शिंदे यांची थोरवी याने कमी होत नाही. पण सेवा करणाऱ्याने कुठे थांबायचं आणि ज्याचा प्रश्न आहे त्याने कुठून पुढे यायचं, हा लॉनडेलचा धडा मुंबईत आधीच शिकवला गेला होता.

आज आपल्याकडे तरुणांसाठी फेलोशिप आहेत, शिबिरं आहेत. सोमनाथची श्रमसंस्कार छावणी १९६७ पासून आणि गडचिरोलीच्या बंग दांपत्याचा ‘निर्माण’ २००६ पासून तरुणांना घराबाहेर काढून प्रश्नांपाशी नेत आहेत. हे उपक्रम कुठल्या पंथाचे नाहीत आणि तेही ठीक आहे. पण आपली देवस्थानं, गुरुद्वारे, मशिदी, विहार आणि चर्च यांच्याकडे जागा आहे, पैसा आहे आणि दर आठवड्याला जमणारी माणसं आहेत. अन्नदान आणि वैद्यकीय शिबिरं ती मनापासून करतात. त्यांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे की वर्षाला निदान चार तरुणांना तुमच्याच शहरातल्या एखाद्या वस्तीत वर्षभर राहू द्या, त्यांना पोटापुरतं मानधन द्या, आणि पहिले तीन महिने त्यांच्याकडून कुठल्याही वाटपाची अपेक्षा करू नका. त्यांनी फक्त विचारावं: पाणी कितीला पडतं, भाडं कुणाला जातं, कर्ज कुठल्या व्याजाने आहे, जागेची कागदपत्रं कुणाच्या नावावर आहेत, तक्रार केली तर ती कुठे अडते. मग जे कळेल ते आधी वस्तीला आणि नंतर तुमच्या सभागृहात येऊन सांगू द्या. ऐकताना अस्वस्थ वाटलं, त्या माहितीत तुमच्याच ओळखीच्या माणसाचं नाव निघालं, तरी त्यांना थांबवू नका. आणि जे तरुण असं वर्ष काढायला पुण्यात, मुंबईत, नंदुरबारात किंवा शिकागोत निघाले आहेत त्यांना एवढंच सांगायचं: वस्तीला तुमच्या दयेची निकड नाही. तुमच्याकडे असलेला वेळ, अक्षरओळख आणि न घाबरता कागद मागण्याची मोकळीक तिला हवी आहे. ती द्या, आणि निर्णय मात्र ज्यांचं घर पणाला लागलं आहे त्यांना घेऊ द्या.